आकृत्या पळतात, संदर्भांत प्रश्नचिन्हं, मराठी सारांश गायब: लाटेकमधल्या पेपरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संख्याशास्त्रात पीएचडी चालू आहे. जर्नलने लाटेकमध्ये (कमांड लिहून मजकूर आणि गणित जुळवायचं सॉफ्टवेअर) लिहिलेला पेपर 'सुधारून पाठवा' म्हणून परत केलाय, मुदत तीन आठवडे. ओव्हरलीफवर (लाटेक ब्राउझरमध्ये चालवायचं संकेतस्थळ) कंपाइल केलं, म्हणजे पीडीएफ बनवायला लावली, की लाल एररची रांग लागते, आकृत्या संदर्भसूचीच्याही मागे जाऊन बसतात, मजकुरात जागोजागी [?] येतं. व्हीस्पेस (उभी मोकळी जागा सोडणारी कमांड) घालून जागा जुळवून झाली, सक्तीचे पानबदल टाकून झाले, तरी एक ठीक केलं की दुसरं बिघडतं. शिवाय प्रबंधाला मराठी सारांश जोडायचाय, तो उमटतच नाही. गाइड म्हणतात, सोड ते, वर्डमध्ये कर.

वर्डचं आधी संपवते. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: जर्नल काय घेतं, पेपरमध्ये गणित किती आहे आणि सहलेखक कशात काम करतात. जर्नल फक्त वर्डची फाइल घेत असेल तर वाद संपला. समीकरणं चार-पाचच असतील आणि गाइड ट्रॅक चेंजेसशिवाय हात लावणार नसतील, तरी वर्डच सोयीचं. तुमचा पेपर मात्र सिद्धतांचा आहे, समीकरणांना क्रमांक आहेत आणि जर्नलने स्वतःचा लाटेक टेम्प्लेट दिलाय. अशा पेपरची समीकरणं तीन आठवड्यांत वर्डमध्ये हलवणं म्हणजे नव्या चुका विकत घेणं. गाइडना पीडीएफ द्या, त्यावर पेनाने किंवा कॉमेंटमध्ये लिहू द्या, आणि दुरुस्त्या तुम्ही करा.

आता खरा प्रश्न. तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात, पण मला त्यामागे एकच सवय दिसते: लाटेकमध्ये बसून तुम्ही वर्डसारखं काम करताय. पान कसं दिसतंय ते बघून हाताने ढकलाढकली चाललीय. हे सॉफ्टवेअर त्यासाठी बनलेलंच नाही. १९७७ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांच्याकडे स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी जुळणीची स्वतंत्र प्रणालीच लिहायला घेतली. तीच टेक. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक रचलं. लेखकाने फक्त 'हे शीर्षक, हे प्रमेय, ही आकृती' एवढंच सांगावं आणि दिसण्याचं काम क्लास फाइलने (दस्तऐवजाचं रूप ठरवणाऱ्या फाइलने) बघावं, असा त्यांचा हेतू होता. तुम्ही व्हीस्पेस घालता तेव्हा त्या व्यवस्थेशी भांडण सुरू होतं, आणि त्यात तुम्ही जिंकत नाही. मजकुरात दोन ओळी वाढल्या की सगळी ढकलाढकली पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. मोठ्या प्रकाशकांकडे पेपर स्वीकारला गेला की तुमच्या फाइलचं बहुतेक वेळा एक्सएमएलमध्ये (मजकुराची रचना खुणांनी नोंदवणाऱ्या स्वरूपात) रूपांतर होतं आणि पेपर नव्याने जुळवला जातो. हे काम बऱ्याचदा भारतातच, चेन्नई-पुदुच्चेरी-तिरुवनंतपुरमच्या बाजूला चालतं. (तिरुवनंतपुरम हे आपल्याकडचं टेकचं जुनं ठाणं, टेक वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद २००२ आणि २०११ मध्ये तिथे भरली होती.) म्हणजे तुम्ही रात्र जागून बसवलेली अर्ध्या सेंटिमीटरची जागा छापील पेपरपर्यंत पोचतच नाही. पोचतं ते लेबल, क्रमांक, संदर्भ आणि समीकरणाची रचना. कष्ट तिथे घ्या. फाइलमधले सगळे व्हीस्पेस, न्यूपेज आणि परिच्छेदाच्या शेवटी टाकलेले दुहेरी बॅकस्लॅश आज काढून टाका. पेपर काही काळ विचित्र दिसेल, दिसू द्या.

एररची रांग. यातली फक्त पहिली वाचायची. बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. लॉगमध्ये (कंपाइल करताना बनणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये) उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. तिच्याखाली ओळीचा क्रमांक असतो आणि तुमचा मजकूर जिथे तुटलेला दिसतो, तिथपर्यंत वाचून यंत्र अडलेलं असतं. चूक तिथे किंवा तिच्या थोडी आधी असते. ओव्हरलीफ एरर असूनही रेटून पीडीएफ बनवतं, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो आणि एररचा डोंगर होतो. कंपाइलच्या बटणाशेजारच्या यादीत 'पहिल्या एररला थांबा' असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर एरर थेट फाइलच्या शेवटी दिसते आणि ओळीच्या क्रमांकाचा उपयोग होत नाही. तेव्हा दस्तऐवज संपवणारी एंड डॉक्युमेंट ही ओळ तात्पुरती मधोमध टाकून बघा. त्यापुढचं काही वाचलं जात नाही. एरर गेली तर चूक दुसऱ्या अर्ध्यात, राहिली तर पहिल्यात. असं अर्धं-अर्धं करत गेलं की लवकर सापडते. दुरुस्त करूनही तीच एरर परत आली, तर ऑक्झ फाइल (लाटेक क्रमांक आणि संदर्भ टिपून ठेवतं ती) पुसून नव्याने कंपाइल करा. जुनी घाण तिथे साठलेली असते.

तुम्ही वर्डमधून मजकूर चिकटवलाय असं लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी मुद्दाम. अंडरस्कोर गणिताबाहेर आला की 'मिसिंग डॉलर' अशी एरर येते. संख्याशास्त्रवाल्यांच्या व्हेरिएबलच्या नावांत तो हमखास असतो. त्याच्याआधी बॅकस्लॅश द्या. टक्क्याचं चिन्ह जास्त धोकादायक, कारण त्याने एरर येतेच असं नाही. त्यापुढची उरलेली ओळ टिप्पणी समजून गुपचूप गाळली जाते. '९५% विश्वास अंतराल' लिहिलेलं वाक्य पेपरमध्ये '९५' वर संपतं, आणि ते रिव्ह्यूअरच्या आधी कुणाच्या लक्षात येत नाही. फाइलभर टक्क्याचं चिन्ह शोधा आणि प्रत्येक ठिकाणी बघा. वर्डमधून आलेली ग्रीक अक्षरं आणि न दिसणाऱ्या मोकळ्या जागाही त्रास देतात. 'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप' अशी एरर आली की तिथलं अक्षर पुसून हाताने कमांड टाइप करा.

आता आकृत्या. यावर जरा थांबते, कारण यात बहुतेकांचा गैरसमज असतो. आकृती ज्या ओळीवर लिहिली तिथेच यावी असा आग्रह धरून तुम्ही चौकटी कंसात फक्त छोटा 'एच' (हिअर, म्हणजे इथे) लिहिलाय. पण लाटेकचे नियम ठरलेले आहेत. आर्टिकल क्लासमध्ये मूळ सेटिंग असं: पानाच्या वरच्या बाजूच्या आकृत्यांनी ७० टक्क्यांहून जास्त पान खायचं नाही, तळाशी ३० टक्के, मजकुरासाठी निदान २० टक्के राहिलं पाहिजे, आणि नुसत्या आकृत्यांचं वेगळं पान करायचं तर ते किमान निम्मं भरलेलं हवं. तुमची पहिली आकृती पाऊण पान उंच आहे. ती तिथल्या उरलेल्या जागेत मावत नाही, ७० टक्क्यांच्या नियमामुळे वर जाऊ शकत नाही, आणि 'पी' लिहिलेलं नसल्याने स्वतंत्र पानावरही जाऊ शकत नाही. मग ती अडकते. लाटेक आकृत्यांचा क्रम मोडत नाही, त्यामुळे रेशनच्या रांगेत पहिल्याचं कार्ड अडलं की मागचे सगळे ताटकळतात, तसं पुढच्या साऱ्या आकृत्या तिच्यामागे शेवटपर्यंत थांबतात. तक्त्यांची रांग वेगळी असते, म्हणून तुमचे तक्ते जागेवर आहेत आणि आकृत्या नाहीत.

उपाय साधा आहे: 'एचटीबीपी' (इथे, वर, तळाशी, स्वतंत्र पानावर) अशी चारही अक्षरं द्या आणि आकृतीचा आकार कमी करा. आकृतीचा कोड जिथे तिचा पहिला उल्लेख आहे त्या परिच्छेदाच्या जवळ ठेवा. 'खालील आकृतीत' असं कधी लिहू नका, क्रमांकानेच सांगा. मग ती पुढच्या पानावर गेली तरी बिघडत नाही. विभाग ओलांडून जाऊ नये असं वाटत असेल तर प्लेसइन्स पॅकेजचं फ्लोट बॅरियर विभागाच्या शेवटी टाका. फ्लोट पॅकेजमधला मोठा 'एच' सक्तीने तिथेच बसवतो, पण मग पानावर पांढरे खड्डे पडतात. माझ्या मते तो फक्त प्रबंधाच्या परिशिष्टांत ठीक. दोन रकान्यांच्या टेम्प्लेटमध्ये पूर्ण रुंदीची आकृती तारांकित एन्व्हायरन्मेंटने येते आणि साधारण पुढच्या पानाच्या माथ्यावरच बसते, म्हणून तिचा कोड थोडा आधी टाकावा लागतो.

आकृतीत लेबल नेहमी कॅप्शननंतर. क्रमांक कॅप्शन देतं आणि लेबल तो टिपून ठेवतं. लेबल आधी आलं तर ते विभागाचा क्रमांक उचलतं, आणि 'आकृती ३' म्हणायच्या जागी 'आकृती ४.२' असं काहीतरी छापून येतं, तेही एररशिवाय.

तुम्ही आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) वापरता, म्हणून हेही. आरचं पीडीएफ डिव्हाइस काही न सांगता ७ इंच रुंद आणि ७ इंच उंच चित्र काढतं, अक्षर १२ पॉइंटचं. दोन रकान्यांच्या पेपरात रकाना साधारण साडेतीन इंचांचा असतो. चित्र निम्मं झालं की अक्षरही निम्मं, म्हणजे ६ पॉइंट; अक्षांवरचे आकडे वाचायला भिंग लागतं. चित्र काढतानाच रुंदी ३.५ इंच आणि अक्षर ८ पॉइंट द्या, म्हणजे लाटेकमध्ये लहान-मोठं करावंच लागत नाही. रेषांचे आलेख पीडीएफमध्येच ठेवा. पण लाखभर ठिपक्यांचा स्कॅटर प्लॉट पीडीएफमध्ये काढलात तर प्रत्येक ठिपका वेगळा साठवला जातो, फाइल फुगते आणि ओव्हरलीफचा टाइमआउट येतो. तेवढं एक चित्र ६०० डीपीआय पीएनजीमध्ये काढा.

संदर्भांकडे येते. मजकुरातलं एकेरी [?] म्हणजे ग्रंथसूचीतली नोंद सापडली नाही. जाड ठशातली दोन प्रश्नचिन्हं म्हणजे आकृती, समीकरण किंवा विभागाचं लेबल सापडलं नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. एकदा कंपाइल करून संदर्भ येत नाहीत: आधी लाटेक, मग बिबटेक (संदर्भसूची बनवणारा प्रोग्राम), मग दोनदा लाटेक, असा फेरा असतो. ओव्हरलीफ आणि लाटेकएमके हा फेरा आपोआप करतात, तेव्हा तुमच्याकडे तो प्रश्न नसावा. बिब फाइलच (संदर्भांच्या नोंदी असलेली) बिघडलेली असणार. एका फील्डनंतरचा स्वल्पविराम राहिला की ती नोंद बिघडते. बीएलजी नावाची लॉग फाइल उघडा, बिबटेकच्या तक्रारी तिथे असतात.

गुगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदी तपासल्याशिवाय वापरू नका. लेखकांच्या नावांमध्ये फक्त 'अँड' हा इंग्रजी शब्द चालतो. स्वल्पविरामाने तीन-चार नावं जोडली की बिबटेक गोंधळतं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, अशी शिस्त ठेवा. संस्थेचं नाव लेखक म्हणून असेल तर दुहेरी महिरपी कंसात घाला. 'गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र' साध्या कंसात लिहिलं की बिबटेकला तो माणूस वाटतो: नाव गव्हर्न्मेंट, आडनाव महाराष्ट्र. आद्याक्षरं वापरणाऱ्या शैलीत ते 'जी. ऑफ महाराष्ट्र' असं छापलं जातं. शासकीय अहवालांचे संदर्भ असलेल्या प्रबंधांत हे मी वारंवार बघते, आणि व्हायव्हाच्या दिवशी ते कुणाच्या तरी नजरेत येतंच. तसंच शीर्षकांचं. बऱ्याच शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात, मग बेझियन, मार्कोव्ह ही विशेषनामं लहान अक्षराने सुरू होतात. ते अक्षर किंवा अख्खा शब्द कंसात घातला की वाचतो.

बिबटेकऐवजी वापरायचं बिबलाटेक हे पॅकेज नवं आणि अधिक लवचिक आहे, प्रबंधासाठी खुशाल वापरा. पण जर्नलच्या टेम्प्लेटमध्ये बिबटेक असेल तर तिथे ते बदलू नका. एकूणच टेम्प्लेटमधल्या समास, फाँट, ओळींतलं अंतर यांना हात लावायचा नाही. पॅकेजेस मोजकी घ्या. हायपररेफ (दुवे क्लिक करण्याजोगे करणारं) जवळजवळ शेवटी, आणि क्लेव्हररेफ ('आकृती', 'समीकरण' हे शब्द आपोआप जोडणारं) घेत असाल तर त्याच्याही नंतर.

गणितात तुमचं बरंचसं ठीक आहे, म्हणून थोडक्यात. ईक्यूएनॲरे सोडा, बरोबरच्या चिन्हाभोवती ते भलतं अंतर सोडतं, अलाइन वापरा. समीकरणाच्या आधी रिकामी ओळ ठेवू नका, तिथे परिच्छेद तुटतो. 'व्हार' आणि 'कोव्ह' साध्या अक्षरांत टाइप केलेत की ते तिरपे आणि तीन-तीन चलांच्या गुणाकारासारखे दिसतात. एएमएसमॅथचं डिक्लेअर मॅथ ऑपरेटर वापरून एकदा व्याख्या करा.

मराठी सारांश. पीडीएफलाटेकला (लाटेकचं नेहमीचं इंजिन, म्हणजे पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या बसवता येत नाहीत. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक ही इंजिनं हवीत. तुम्ही इंजिन बदलूनही अक्षरं आली नाहीत म्हणता, ते फाँट न सांगितल्यामुळे. मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, आणि यंत्र त्याबद्दल फक्त लॉगमध्ये एक ओळ लिहून गप्प बसतं. फाँटस्पेक पॅकेजने देवनागरी फाँट घ्या आणि तिथेच स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी हे दोन्ही सांगा. लुआलाटेक असेल तर रेंडरर (अक्षरं जुळवणारा भाग) हार्फबझ. स्क्रिप्ट सांगायचं राहिलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि हलन्त उघडे पडतात. लँग्वेज सांगितली तर, फाँटमध्ये सोय असल्यास, ल आणि श मराठी वळणाचे येतात. नाहीतर हिंदी पद्धतीचे. फाँट निवडताना आधी 'सुऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, शल्य' अशा शब्दांची एक ओळ छापून बघा. आयआयटी मुंबईचा शोभिका माझ्या पसंतीचा आहे, मोफत आहे आणि टेक लाइव्हमध्ये (टेकच्या तयार संचात) येतोच. टिरो देवनागरी मराठीही छान दिसतो. तिरपा ठसा देवनागरीत शोधू नका, जोर द्यायचा तिथे जाड वापरा.

पण तुमचा अख्खा प्रबंध इंग्रजीत, पीडीएफलाटेकवर आहे आणि मराठी पानं दोन-तीन. त्यासाठी सगळं इंजिन बदलायची गरज नाही. सारांशाची छोटी वेगळी फाइल करा, ती झीलाटेकने कंपाइल करा, आणि तयार पीडीएफ पीडीएफपेजेस पॅकेजने मुख्य प्रबंधात जोडून टाका. पान क्रमांक मुख्य फाइलकडून छापून घेता येतो. प्रबंधच मराठीत असता तर मी पहिल्या दिवसापासून लुआलाटेक सांगितलं असतं.

प्रबंधाचा विषय निघालाच आहे तर: प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि इन्क्लूडने जोडा, इनपुटने नको. मग इन्क्लूडओन्ली लिहून एकच प्रकरण कंपाइल करता येतं, तरी पान क्रमांक आणि बाकीच्या प्रकरणांतले संदर्भ बरोबर राहतात. रोजचं काम वेगाने होतं, आणि शोधगंगेसाठी (भारतीय प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रकरणवार पीडीएफ मागितल्या की त्याही सरळ निघतात.

तीन आठवड्यांचा क्रम मी असा लावला असता. पहिले दोन-तीन दिवस एररशून्य फाइल, त्याआधी रिव्ह्यूअरच्या एकाही मुद्द्याला हात नाही. मग बिब फाइल. मग मजकुराच्या दुरुस्त्या, आणि आकृत्यांच्या जागा अगदी शेवटच्या दिवशी. दुरुस्त्या सुरू करण्याआधी जर्नलला आधी पाठवलेल्या फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. शेवटी जुनी आणि नवी फाइल लाटेकडिफला (दोन फाइलींतला फरक दाखवणारा प्रोग्राम) दिली की वगळलेलं लाल खोडलेलं आणि नवं निळं अधोरेखित अशी पीडीएफ मिळते. रिव्ह्यूअरला ती आवडते, आणि गाइडना हवे असलेले ट्रॅक चेंजेस म्हणजे दुसरं काय! ते नीट चालावं म्हणून आतापासून एक वाक्य एका ओळीवर लिहायची सवय लावा. लाटेकला ओळ कुठे मोडली याचं सोयरसुतक नसतं, पण दोन फाइलींची तुलना करताना आणि एररची जागा शोधताना याचा फार उपयोग होतो.

ओव्हरफुल एचबॉक्सच्या (ओळ समासाबाहेर गेल्याच्या) इशाऱ्यांकडे आत्ता बघू नका. एक-दोन पॉइंट बाहेर गेलेलं डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. वीस-तीस पॉइंट असेल तर ते बहुधा लांब समीकरण किंवा वेब पत्ता असतो, तेवढं शेवटी मोडा.

व्हीस्पेस काढून, पहिली एरर मारूनही गाडी अडली तर इथेच लिहा. अख्खी फाइल नको. लॉगमधली उद्गारचिन्हाची पहिली ओळ, तिच्याखालच्या चार ओळी, आणि चूक जेवढ्या कोडमध्ये पुन्हा घडते तेवढाच तुकडा.